हक्कसोड

गोपीनाथच्या वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठायला दोन वाजले. गावातली माणसं हात धुऊन, खिरीचं नाव काढून निघून गेली आणि घरात घरचेच उरले. त्याची बायको कल्पिता मागच्या दारी पातेली घासायला बसली होती. बारा महिन्यांत इतकी माणसं या घरात जेवली नव्हती, आणि ती गेल्यावरच्या शांततेत हात थांबूच नयेत असं तिला वाटत होतं. तेवढ्यात तिचे थोरले दीर गोमाजी दारात येऊन उभे राहिले.

"भांडी राहू दे. वरती ये जरा, सगली बसलीत."

कशासाठी बसलेत ते तिला माहीत होतं. शीळ रस्त्याकडची, त्यांच्या घरासकट आळीतली चार घरं बिल्डरनं घेतली होती. पुढच्या महिन्यात ती पाडायची होती. त्या जागेवर टॉवर उभा राहिला की दोन्ही भावांच्या वाट्याला दोन दोन फ्लॅट यायचे होते. गोपीनाथच्या वाट्याचे दोन कायद्यानं त्याच्या मुलाचे, नयनचे, आणि तिचे. पण गोमाजींच्या मनात वेगळं होतं. कल्पितानं आपला हक्क नयनच्या नावे सोडून द्यावा आणि स्वतः विठ्ठलवाडीला भावाकडे जाऊन राहावं. हे त्यांनी तिला थेट कधी सांगितलं नव्हतं. तिचा भाऊ गुरुदत्त आज सकाळी श्राद्धाला आला तो तिच्याशी नजर न मिळवता, त्यावरून ती समजली होती.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि जिना चढली.

वरच्या हॉलमध्ये नयन सोफ्याच्या टोकाला बसला होता. तेहेतीस वर्षांचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर, लग्नानंतर ठाण्याला राहणारा. काकांचा फोन आला तेव्हा तो मशीनपाशी उभा होता. आवाजात नीटसं ऐकूही येत नव्हतं. "काका, तुम्ही ठरवा, मला चालेल," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. तिला विचारलंय का, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण तिला विचारायचं म्हणजे तिच्याशी बोलायचं, आणि ते त्याला कधी जमलंच नव्हतं.

ती त्याची सावत्र आई. तो सात वर्षांचा असताना घरात आलेली. तिनं मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, उलट दहावीच्या वर्षी पहाटे उठून त्याच्यासोबत बसली. तरी तो तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. "ऐका ना," असं म्हणून तो वाक्य सुरू करी आणि काम संपलं की उठे. वडील गेल्यावर दर दुसऱ्या रविवारी तो यायचा. तिची गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायचा, चहा घ्यायचा, अर्ध्या तासात निघायचा. त्या अर्ध्या तासात दोघंही घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत.

गोमाजी तसे वाईट नव्हते. त्यांनी कागद समोर ठेवला आणि शांतपणे समजावलं. भात गेलं, मिठागरं गेली, उरलंय ते एवढंच. ते तरी घरातच राहावं. कल्पिताच्या मागे तिचा फ्लॅट विठ्ठलवाडीच्या भाचरांनी मागितला तर नयननं कोर्टात खेटे घालायचे का? त्यापेक्षा आत्ताच सगळं नयनच्या नावावर झालं की कटकट नाही. आणि बाईमाणसानं एकटं राहण्यापेक्षा भावाचं घर बरं.

गुरुदत्त म्हणाला, "ताई आली तर जागा करू आम्ही." तो लादीकडे बघत होता. त्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं होती. कल्पिताला त्याची कीव आली.

मनाली, नयनची बायको, इतका वेळ दाराशी उभी होती. घरातल्या मोठ्यांमध्ये सहसा ती बोलत नसे. तिनं विचारलं, "पण आईंना काय पाहिजे ते विचारलंय का कुणी?"

नयननं मान वर केली. मनाली कल्पिताला पहिल्या दिवसापासून आई म्हणत होती. सासू म्हणून, रिवाज म्हणून, सहज. तो शब्द इतका हलका असू शकतो याचं त्याला दर वेळी नवल वाटे.

"मला काय पाहिजे?" कल्पिता म्हणाली. "काही नको. द्या पेन."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. जिना चढतानाच तिचं ठरलं होतं. या घरात ती सव्वीस वर्षं राहिली. पण हे तुझं आहे, असं म्हणून कुणी तिच्या हातात काही ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. मग जे दिलंच नाही ते धरून ठेवायचं तरी कशाला? गावच्या अंगणवाडीत ती चौदा वर्षं सेविका होती. सकाळी दहा ते दोन तिच्याभोवती पंचवीस पोरं असत. तेवढं राहिलं म्हणजे पुरे. रात्री कुठं पाठ टेकायची, हा प्रश्न तिला तितका मोठा वाटत नव्हता.

गोमाजींनी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून एक हात पुढे आला आणि कागदावर पडला.

तो भागीरथीचा हात होता.

भागीरथी ही गोमाजी आणि गोपीनाथ यांची थोरली बहीण, नयनची आते. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आता चौऱ्याहत्तरीची. गुडघे गेलेले, कानही अर्धे गेलेले, त्यामुळे ती झोपली आहे असंच सगळे धरून चालत. पण आज तिला एकूण एक शब्द ऐकू आला होता.

"गोमा, थांब," ती म्हणाली. "तिनी येकदा सोरलंय. आता परत सोराला नको लावूस."

"काय सोरलंय?" गोमाजींनी विचारलं.

चोवीस वर्षं भागीरथी हे बोलायचं टाळत आली होती. आणि ते सुरू कुठून करायचं हेही तिला कळेना, कारण खरं म्हणजे ते एका सिनेमापासून सुरू झालं होतं.

नयनची आई सरोज काविळीनं गेली, तेव्हा पोरगं सहा वर्षांचं. वर्षभर भागीरथीनंच त्याला सांभाळलं. तो तिच्या कुशीत झोपायचा. स्वतःचं मूल नसलेल्या तिला त्या एका वर्षात सगळं मिळाल्यासारखं झालं होतं. मग गोपीनाथचं दुसरं लग्न विठ्ठलवाडीच्या कल्पिताशी ठरलं. साखरपुडा झाला. त्याच उन्हाळ्यात आळीतल्या बायका टेम्पो करून कल्याणला सिनेमा बघायला गेल्या. हिंदी होता, कौटुंबिक. त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्यातली सावत्र आई आधी देवासारखी चांगली असते. मग तिला स्वतःचा मुलगा होतो आणि थोरल्याच्या पेल्यातलं दूध धाकट्याच्या पेल्यात जायला लागतं. थोरला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकटा शिळं खातो. सगळ्या बायका रडत होत्या. भागीरथीच्या मांडीवर नयन तापानं फणफणला होता, म्हणून मध्यंतरातच ती त्याला घेऊन रिक्षानं घरी आली. सिनेमा पुढे कुठे गेला ते तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती विठ्ठलवाडीला गेली. कल्पिताच्या आईवडिलांपुढे बसून तिनं अट घातली, की मुलीला स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही. नयन हाच तिचा मुलगा. पदरात चार मुली होत्या, ठरलेलं लग्न मोडलं तर बाकीच्या तिघींचं काय, या विचारानं बाप गप्प बसला. चोवीस वर्षांची कल्पिता आतल्या खोलीत होती. तिला बाहेर बोलावून विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली.

हे सगळं भागीरथीनं त्या दुपारी सांगितलं नाही. तिला तेवढा दमही नव्हता. तिनं फक्त अट सांगितली, आणि मग नयनकडे बघून पुढचं सांगितलं.

"तू नऊ वर्सांचा व्हतास. तिचे पोटान पोर व्हतं. तिसरा म्हयना. मी नेली तिला कल्यानला, दवाखान्यान. आन तुला सांगलं, माहेरी जेलीय म्हनून."

खाली रस्त्यावर मेट्रोच्या कामाचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज वर येत होता.

गुरुदत्तनं दोन्ही हातांत डोकं धरलं. त्यालाही हे माहीत नव्हतं. बहीण आठ दिवस माहेरी येऊन निजून राहिली होती ते त्याला आठवत होतं. आईनं ताप आहे म्हणून सांगितलं होतं. गोमाजींनी कागद उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत फाइलमध्ये सारला.

"मला कुणी सांगलं का यातलं काय?" ते पुटपुटले. मग जरा वेळानं, "तिचा वाटा तिचे नावावर राहू दे. मी बिल्डरला सांगतू," असं म्हणून ते खाली गेले. जाताना त्यांनी कल्पिताकडे बघितलं नाही, पण तिच्या बाजूनं जाताना ते थोडे अंग चोरून गेले.

भागीरथी तशीच बसून राहिली. तिला एक गोष्ट कुणालाच सांगता येण्यासारखी नव्हती. पुढे दहाबारा वर्षांनी एका दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता आणि घरात एकटी असताना तिनं त्याचा शेवट बघितला होता. शेवटी त्या बाईला आपली चूक कळते. ती दोन्ही मुलांना एकाच ताटात जेवायला वाढते. भागीरथीनं टीव्ही बंद केला होता. त्या दिवशी ती जेवली नव्हती, आणि पित्त झालंय असं कल्पिताला सांगितलं होतं. कल्पितानं तिला आल्याचा रस करून दिला होता.

नयन उठला आणि गॅलरीत गेला. मनाली त्याच्या मागे जाऊ लागली, पण त्यानं हातानंच तिला नको म्हटलं.

त्याला ते आठ दिवस चांगलेच आठवत होते. चौथीतलं गॅदरिंग. कोळी नाचात तो पुढच्या रांगेत होता. लाल रुमालाचा तो पोशाख तिनंच रात्री बसून शिवला होता. त्याच्या थोडं आधीपासून त्यानं तिच्यासाठी एक शब्द शोधून काढला होता. आई हा शब्द सरोजचा, तो देता येत नव्हता. म्हणून मम्मी. महिनाभर तो तिला मम्मी म्हणत होता आणि बाईंना त्यानं सांगून ठेवलं होतं, की माझी मम्मी येणार आहे. पडदा उघडला तेव्हा त्यानं पहिल्या तीन रांगा बघितल्या. तिथे आते होती. बाबा होते. ती नव्हती. न सांगता माहेरी गेली होती. आठ दिवसांनी ती परत आली, तेव्हा तो तिला तुम्ही म्हणाला. मम्मी हा शब्द त्यानं परत वापरला नाही. नऊ वर्षांच्या मुलानं दिलेली ती शिक्षा होती. तो मोठा झाला, कारण विसरला, शिक्षा मात्र चालूच राहिली.

तो खाली मागच्या दारी आला तेव्हा चार वाजले होते. कल्पिता पुन्हा पातेल्यांपाशी बसली होती. तो पायरीवर बसला. बराच वेळ तिनं पातेलं घासलं आणि त्यानं ते बघितलं.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगून काय केलं असतंस? नऊ वर्षांचा होतास."

"नंतर?"

"नंतर तू मोठा झालास," ती म्हणाली. जणू ते पुरेसं उत्तर होतं.

त्यानं वडिलांबद्दल विचारलं. तिनं सांगितलं, की ते दवाखान्यात आत आले नव्हते. बाहेर रसवंतीपाशी उभे होते. आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, की तू ठरव. मग तिनं हातातली काथ्याची घासणी खाली ठेवली.

"आते म्हणते तिनं मला नेलं. तसं नाही ते. मी गेले. तूही तसंच लक्षात ठेव. कुणी मला हाताला धरून नेलं नव्हतं."

"पण का?"

"शब्द दिला होता." ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "आणि तू मम्मी म्हणायला लागला होतास. मला वाटलं, आता आहे की आपल्याला."

नयननं मान खाली घातली. तो रडतोय की नाही हे तिनं बघितलं नाही. तिनं नळ सोडला आणि पातेलं धुऊन उपडं घातलं.

तो म्हणाला, "ठाण्याला चला आमच्याकडे. एक खोली रिकामीच आहे. मनालीपण तेच म्हणते."

"नको."

"का?"

"आज तुला वाईट वाटलंय. वाईट वाटलेल्या माणसाच्या घरी राहायला जाऊ नये. चार दिवसांनी तुलाही जड होईल, मलाही." तिचा आवाज मऊ होता, पण त्यात वळण नव्हतं. "टॉवर होईपर्यंत मी डोंबिवलीत खोली बघते. अंगणवाडीला शेअर रिक्षा मिळते तिथून. नंतर माझा फ्लॅट आहेच."

माझा, हा शब्द तिनं उच्चारला आणि स्वतःच जरा थबकली.

त्या संध्याकाळी नयन आणि मनाली ठाण्याला निघाले. शीळफाट्याला नेहमीसारखी गाडी अडकली. मनालीनं दोनदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. आपण एकट्यानं मोठं झालो, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, दुसरं माणूसही तितकंच एकटं होतं आणि मधे फक्त एक भिंत होती. आता हे कुणाला सांगावं हे त्याला समजेना.

भागीरथीनं त्या रात्री कल्पिताला विचारलं, की मी कुठे जाऊ? गोमाजीकडे तिची सोय होणारच होती. ती तेवढ्यासाठी विचारत नव्हती. कल्पितानं तिच्या गुडघ्यांना तेल लावलं. दर रविवारी येत जाईन, असं सांगितलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. भागीरथीनंही ते मागितलं नाही.

पुढच्या महिन्यात, घर पाडायच्या चार दिवस आधी, कल्पितानं डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. नयननं सुट्टी काढली होती. टेम्पोतून त्यानं सामान आणलं. एक लोखंडी पलंग, कपाट, शिलाई मशीन, भांड्यांची दोन पोती. सगळं त्यानंच वर चढवलं. त्यानं गॅसची नळी बसवली, स्टुलावर चढून पंख्याचा रेग्युलेटर बदलला. दोघं फारसं बोलले नाहीत. पण कपाट कुठे ठेवू, हे त्यानं तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा वेगवेगळं सांगितलं. तो न कंटाळता ते सरकवत राहिला.

दुपारी घरमालकीण गोदाताई चहाचा थर्मास घेऊन वर आल्या. पासष्टीच्या, बोलक्या बाई. त्यांनी पाण्याच्या वेळा सांगितल्या, कचरेवाली कधी येते ते सांगितलं. मग पलंगावर टेकून, बायका बायकांना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला मुलं किती?"

कल्पिता कपात चहा ओतत होती. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण स्टुलावर उभ्या असलेल्या नयननं स्क्रू पिळता पिळता, मागे न वळता सांगितलं,

"दोन. मी थोरला."

कल्पिताचा हात थांबला.

"हो का?" गोदाताई म्हणाल्या. "आणि दुसरं काय, मुलगा की मुलगी?"

नयननं स्क्रू पिळायचं थांबवलं. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं वळून कल्पिताकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, की तिलाही ते माहीत नव्हतं.

"ते राहिलं नाही," कल्पिता म्हणाली.

गोदाताईंना ते समजलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कल्पिताच्या मनगटावर त्यांनी नुसता हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि थर्मास तिथेच ठेवून त्या खाली गेल्या.

चोवीस वर्षांत त्या न जन्मलेल्या बाळाबद्दल तिनं घराबाहेरच्या कुणाशी बोललेले हे पहिलेच तीन शब्द होते. कल्पिता कप हातात घेऊन पलंगावर बसली. नयन स्टुलावरून उतरला. टेम्पोत मशीनचं झाकण राहिलंय, घेऊन येतो, असं म्हणून तो घाईनं जिना उतरला.

बराच वेळ झाला तरी तो वर आला नाही. ती खिडकीशी गेली. खाली गल्लीत टेम्पोच्या मागच्या बाजूला, शिलाई मशीनचं लाकडी झाकण दोन्ही हातांनी छातीशी धरून तो उभा होता. मान खाली होती आणि खांदे हलत होते. टेम्पोवाला पलीकडे तोंड करून विडी ओढत होता.

वरून हाक मारावी असं तिला वाटलं. पण तिनं मारली नाही. पडद्याशिवायच्या त्या खिडकीत ती उभी राहिली. त्याचं रडून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.